प्रार्थना कीटक (मँटिस) पाळायला सुरुवात : पेटी, खाणं आणि कात

पानाआड

मँटिसबद्दलचे प्रश्न चार धाग्यांवर विखुरले आहेत, म्हणून हा एकच धागा. दुरुस्त्या आणि भर जरूर टाका.

आधी क्रमाबद्दल. बहुतेक नवशिके आधी किडा आणतात, मग पेटी शोधतात आणि शेवटी त्याला खायला काय घालायचं याचा विचार करतात. क्रम याच्या बरोबर उलट हवा. पिल्लू येण्याच्या तीन आठवडे आधी फळमाश्यांची बरणी चालू झालेली असावी, पेटी दोनतीन दिवस रिकामी ठेवून तिचं तापमान-आर्द्रता पाहिलेली असावी, आणि मगच किडा.

दुसरं, पेटी निवडताना ती दिसते कशी हे बघू नका. कात टाकायच्या त्या अर्ध्या तासात तिथे काय होईल एवढंच बघा. मँटिस छताला मागच्या पायांनी उलटा लटकतो आणि जुन्या कातीतून खाली सरकत बाहेर येतो. म्हणजे खाली मोकळी जागा हवी आणि वर घट्ट पकड हवी. पाळलेले मँटिस दगावतात ते बहुतेक या दोनपैकी एक गोष्ट चुकल्यामुळे.

मापं अशी : उंची शरीराच्या लांबीच्या किमान तिप्पट, रुंदी किमान दुप्पट. ८ सेंमीच्या मादीला २४ सेंमी उंच आणि १६ सेंमी रुंद ही खालची मर्यादा. ३० बाय २० असेल तर उत्तम. उंची मोजायची ती छतापासून खालच्या पहिल्या अडथळ्यापर्यंत. तळाशी १० सेंमीचं झाड ठेवलं की ३० ची पेटी २० ची झाली.

छताला आतून मच्छरदाणीसारखी मऊ कापडी जाळी लावा. ग्लू गनने कडा चिकटवल्या की पुरे. धातूची जाळी नको, तिच्यात पायांची टोकं अडकून झिजतात, तुटतात. गुळगुळीत प्लॅस्टिकचं झाकणही नको. लहान पिल्लं त्यावर आरामात चालतात म्हणून फसायला होतं. वजन वाढलं की नेमकी कातीच्या वेळी पकड सुटते.

दार बाजूला आणि खालच्या अर्ध्यात हवं. किडा चोवीस तास छतावर असतो. झाकण हेच दार असेल तर प्रत्येक वेळी खाणं टाकताना तुम्ही त्याचं घरच उचलता. कात चालू असताना झाकण उघडलं तर काय होईल ते सांगायला नको.

हवा खेळण्यासाठी छत जाळीचं आणि एका बाजूला खाली जाळी लावलेलं भोक. फळमाश्या टाकणार असाल तर जाळीची भोकं १ मिमीपेक्षा बारीक हवीत.

तळाला टिश्यू पेपर किंवा १-२ सेंमी कोकोपीट. टिश्यू दिसायला रुक्ष, पण बदलायला सोपा आणि विष्ठा किती पडते ते लगेच कळतं. दोन-तीन खरबरीत काड्या तिरप्या, छतापर्यंत पोचणाऱ्या. खाली पडलेल्याला वर चढायला वाट हवी.

घोळाणा

उत्तम धागा. पण सुरुवात कुठल्या जातीने करावी? ऑर्किड मँटिसचे फोटो बघून सगळे वेडे होतात, मीही त्यातलाच.

सहापायी

ऑर्किड (हायमेनोपस कोरोनाटस) पहिल्यांदा नको. ६० ते ८० टक्के आर्द्रता लागते आणि तीही कोंदट नाही, हवा खेळती ठेवून. हे दोन्ही एकत्र जमवणं हेच अवघड आहे. त्यात नर जेमतेम अडीच-तीन सेंमी आणि मादी त्याच्या दुपटीहून मोठी, त्यामुळे नर-मादीचं खाणं, पेटी, वेळापत्रक सगळंच वेगळं.

सुरुवातीला हायरोडुला किंवा स्फोड्रोमँटिस घ्या. दोन्ही मोठे, धीट, समोर आलेलं खाणारे. २२ ते २८ अंश, ५० ते ६० टक्के आर्द्रता, रोज एकदा फवारा, झालं. लहानात हवा असेल तर घोस्ट मँटिस (फिलोक्रेनिया पॅराडॉक्सा) : ५ सेंमीच्या आत राहतो, वाळक्या पानासारखा दिसतो, चुका बऱ्याच पोटात घालतो. फक्त भित्रा आहे. मोठं भक्ष्य समोर टाकलं तर पळतो, म्हणून माश्याच द्या.

गाँगायलससारखे काडीसारखे लांब, नाजूक प्रकार आणि इडोलोमँटिस हे दोन-तीन जाती पूर्ण वाढवून झाल्यावर. त्यांना ऊबही जास्त लागते आणि उडत्या माश्यांशिवाय ते बाकी कशाकडे फारसं बघत नाहीत.

आणखी एक. अगदी नुकतं जन्मलेलं पिल्लू (एल-१) घेऊ नका. एल-३ किंवा एल-४ घ्या. एल म्हणजे कितव्या टप्प्यात आहे ते. जन्मल्यावर एल-१, प्रत्येक कातीला एक आकडा वाढतो. मोठ्या जातींत प्रौढ व्हायला साधारण ७ ते ९ टप्पे, नरांचा बहुधा एक कमी. एल-१, एल-२ मध्ये मर निसर्गतःच जास्त असते आणि नवशिक्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

घोळाणा

बरं, हायरोडुला. आणि मोठी पेटी आत्ताच घेतली तर? पुन्हापुन्हा खर्च नको.

पानाआड

एल-३ ला ३० सेंमीच्या पेटीत टाकलंत तर तो एका कोपऱ्यात आणि माश्या दुसऱ्या कोपऱ्यात. उपाशी राहील. एल-४ पर्यंत ३००-५०० मिलीचा पारदर्शक कप, झाकण कापून कापड ताणलेलं, बाजूला स्पंजचा बूच बसवलेलं भोक. त्या भोकातून माश्या आत सोडायच्या. नंतर लिटर-दीड लिटरची बरणी, आणि शेवटच्या दोन कातींच्या आधी मोठी पेटी.

रातवा

खाण्याबद्दल विस्ताराने लिहितो, कारण इथे बहुतेकांची गाडी अडते.

एल-१, एल-२ : बिनपंखी फळमाशी, मेलॅनोगॅस्टर जात, रोज ४-६. एल-३, एल-४ : हायडी जात, ती थोडी मोठी असते, दिवसाआड ४-५. एल-५ पासून घरमाशी, मग निळी माशी, दर दोन दिवसांनी एक-दोन. प्रौढ मादीला दर २-३ दिवसांनी तिच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं भक्ष्य, फार तर निम्म्याएवढं. नराला याच्या निम्मं.

पण कॅलेंडर बघून नव्हे, पोट बघून द्यायचं. पोट सपाट किंवा आत गेलेलं म्हणजे भूक. फुगून खंडांमधली कातडी ताणलेली दिसायला लागली की थांबा. अति खाऊ घातलेला किडा छतावरून पडला तर पोट फुटतं, आणि जड शरीर कातीच्या वेळी लटकून राहत नाही.

फळमाश्यांची बरणी, ५०० मिलीची : एक पूर्ण पिकलेलं केळं कुस्करून, त्यात ४०-५० ग्रॅम ओट्सचं पीठ, एक मोठा चमचा साखर, दोन मोठे चमचे व्हिनेगर. घट्ट थापता येईल इतपतच ओलं. तळाशी २-३ सेंमी थर, वर चिमटीच्या टोकावर मावेल इतकं कोरडं यीस्ट, मग चुरगळलेला कागद उभा खोचायचा. ४०-५० माश्या सोडा, तोंडाला कापड, रबरबँड, वर तारीख. २४-२५ अंशांना मेलॅनोगॅस्टरची नवी पिढी १०-१४ दिवसांत निघते, हायडीला तीन आठवडे धरा. दर आठवड्याला एक नवी बरणी लावा. एकाच बरणीवर विसंबलात की ती नेमकी बसते.

काय बिघडतं :
बुरशी : सुरुवातीला माश्या कमी टाकल्या किंवा व्हिनेगर टाळलं. अळ्या पुरेशा असतील तर त्या वळवळून बुरशीला बसू देत नाहीत.
पातळ लगदा : माश्या चिकटून मरतात.
माइट (अगदी बारीक, कोळ्याच्या जातीचे जीव) : बरणीच्या काचेवर हलणारी धूळ दिसते. ती बरणी टाकून द्या, नवीची सुरुवात तिच्यातून करू नका. चार आठवड्यांपेक्षा जुनी बरणी ठेवूच नका. बरण्या साबणाच्या पाण्याच्या ताटात, मध्ये वाटी उपडी घालून तिच्यावर ठेवल्या तर माइट एकीतून दुसरीत जात नाहीत.
माश्या उडायला लागल्या : बाहेरची जंगली माशी आत शिरून संकर झाला. ती बरणी बाद.

माश्या सोडण्याआधी बरणी फ्रिजमध्ये ३-४ मिनिटं, की त्या सुस्तावतात. फ्रीझर नव्हे.

निळ्या माशीचे कोश मिळाले तर फ्रिजमध्ये ठेवायचे आणि लागतील तसे १०-१५ बाहेर काढायचे. बाहेर आठवड्याच्या आत माश्या निघतात. दोन-तीन आठवड्यांपेक्षा जुन्या कोशांतून लुळ्या पंखांच्या माश्या येतात किंवा येतच नाहीत. निघालेल्या माशीला आधी बोटभर टिश्यूवर मध-पाणी चाटू द्या, मग मँटिसला. रिकाम्या पोटाची माशी म्हणजे नुसतं टरफल.

किरकिर

रातकिड्यांना का वगळलंत? सगळीकडे तेच तर देतात.

रातवा

वगळले नाहीत, मागे ठेवले. दोन कारणं. एक, न खाल्लेला रातकिडा कात टाकणाऱ्या मऊ मँटिसला कुरतडतो. पाय तर जातातच, जीवही जातो. दोन, रातकिडे घाणीत, दाटीत वाढवलेले असतील तर त्यांच्या पोटातलं सगळं मँटिसच्या पोटात जातं आणि मग काळपट-तपकिरी उलटी. द्यायचेच तर दोन दिवस गाजर आणि गव्हाच्या कोंड्यावर ठेवा, चिमट्याने एक द्या, तासाभरात खाल्ला नाही तर बाहेर काढा.

सहापायी

रातकिड्यांवर थोडा अन्याय होतोय असं वाटतं. स्वच्छ डब्यातले असतील तर मोठ्या जातींना चालतात. मात्र आत सोडून झोपायला जाऊ नका हे शंभर टक्के. डुबिया झुरळाची अडचण वेगळी : ते तळाच्या कोकोपीटमध्ये घुसून बसतं आणि वर लटकलेल्या किड्याला दिसतच नाही. चिमट्याने धरून समोर हलवायचं, नाहीतर गुळगुळीत वाटीत ठेवायचं.

बाहेरून पकडलेले किडे कुणीही देऊ नका. कीटकनाशकाचा अंश पोटात घेऊन आलेली एक माशी पुरते. लक्षणं : पाय थरथरणं, तोल जाणं, छतावर राहता न येणं. उपाय नाही. त्याच खोलीत डासांची कॉइल, व्हेपोरायझर, झुरळांचा स्प्रे यांपैकी काहीही नको. कुत्र्यामांजराला पिसवांचं औषध लावलं असेल तर हात साबणाने धुतल्याशिवाय पेटीला हात लावू नका.

नवीन_पान

माझा एल-६ तीन दिवस काही खात नाही. माशी समोर आली तर मागे सरतो. आजारी आहे का?

पानाआड

पोट भरलेलं असेल, रंग मळकट दिसत असेल, एकाच जागी उलटा लटकून असेल तर तो आजारी नाही, कात जवळ आली आहे. एक ते चार दिवस उपास चालतो. शेवटच्या कातीआधी आठवडाभरही. शेवटच्या कातीची खूण म्हणजे पाठीवरच्या पंखांच्या कळ्या फुगतात.

आता करायचं ते : आतली माशी-रातकिडा सगळं बाहेर. संध्याकाळी हलका फवारा, पेटीच्या भिंतींवर, किड्यावर नाही. पेटी हलवायची नाही, दार उघडायचं नाही. प्रत्यक्ष बाहेर यायला २०-३० मिनिटं लागतात. प्रौढ होताना नंतर तासभर-दोन तास पंख ताणत लटकतो. तेव्हा पंखांना काही टेकलं तर ते कायमचे दुमडलेले राहतात. खाली टरफल पडलेलं दिसलं तरी लगेच खायला देऊ नका. लहानांना एक दिवस, मोठ्या पिल्लांना दोन दिवस, प्रौढाला तीन-चार दिवस. जबडे आणि पुढचे पाय कडक व्हायचे असतात, मऊ पायाने माशी धरली तर पाय वाकतो.

नवीन_पान

पोट भरलेलंच आहे, आणि कळ्या सपाट. म्हणजे साधी कात. धन्यवाद! आणि समजा पडलाच, तर?

सहापायी

अजून मऊ असेल तर मिनिटं मोजकी असतात. टरफलाचं टोक हाताला लागत असेल तर चिमट्याने टरफल धरून छताच्या जाळीला पिनने अडकवा, म्हणजे तो उलटा लटकून सरळ वाळेल. एखादा पाय कातीत अडकला असेल तर ओल्या मऊ ब्रशने भिजवा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा भिजवा. ओढू नका. ओढला की पाय मुळातून निघतो.

पाय गेला तरी अजून काती बाकी असतील तर पुढच्या एक-दोन-तीन कातींत परत येतो, आधी आखूड, मग जवळजवळ पूर्ण. प्रौढाला परत येत नाही. एक पुढचा पाय वाकडा असेल तरी तो जगतो. माशी चिरडून चिमट्याने तोंडाशी धरली की खातो. दोन्ही पुढचे पाय, मागचे पाय आणि पोट पिळवटलेलं असेल तर फ्रीझरमध्ये ठेवून सोडवणं हाच दयाळू मार्ग.

का बिघडते ते क्रमाने सांगायचं तर : पकड नाही, खाली जागा नाही, मध्येच कुणीतरी हलवलं, आणि मग हवा कोरडी. लोक मात्र पहिला दोष आर्द्रतेला देतात आणि दिवसातून चार वेळा फवारतात.

रातवा

याला माझं अनुमोदन. सतत ओली पेटी ही कोरडीइतकीच घातक. फवारा रोज एकदा, आणि पुढच्या फवाऱ्याआधी भिंती पूर्ण वाळलेल्या हव्यात. मँटिस वाटीतलं पाणी सहसा ओळखत नाही, थेंब चाटतो. फवाऱ्याचं मुख्य काम ते. क्षारांचे पांढरे डाग नको असतील तर आरओचं पाणी घ्या.

गरम करायला बल्ब लावला तर हवा सुकते. हीट मॅट वापरायची तर बाजूच्या भिंतीला, थर्मोस्टॅटसह. तळाखाली लावून उपयोग नाही, किडा छतावर असतो. खिडकीतल्या थेट उन्हात काचेची बंद पेटी काही मिनिटांत भट्टी होते.

घोळाणा

नर की मादी कसं ओळखायचं? आणि दोन एकत्र ठेवले तर?

पानाआड

पोटाच्या खालच्या बाजूचे खंड मोजा. नराला ८, मादीला ६, आणि मादीचा शेवटचा खंड ठळक मोठा. एल-४, एल-५ पासून भिंगाने नीट मोजता येतात. सगळ्यात सोपं : गळलेलं टरफल ओलं करून उलगडा आणि त्यावर मोजा, किड्याला हात लावायची गरजच नाही.

एकत्र ठेवू नका. एल-२ पर्यंत भरपूर माश्या असतील तर निभावतं, पुढे प्रत्येकाला स्वतंत्र कप. घोस्ट आणि गाँगायलस याला अपवाद समजतात, तेही सारख्या आकाराचे आणि पोट भरलेले असतील तरच.

किरकिर

माझ्याकडच्या मादीच्या डोळ्यात काळा ठिपका आहे आणि ती माझ्याकडेच बघत असते. कोनातून बघितलं तरी ठिपका माझ्याच दिशेला.

सहापायी

तो ठिपका नाही, आभासी बाहुली आहे. संयुक्त डोळ्यातले जे कण नेमके तुमच्या दिशेला असतात ते तुमच्याकडून आलेला प्रकाश शोषून घेतात, म्हणून तेवढाच भाग काळा दिसतो. रात्री अख्खे डोळे काळसर होतात, तेही नैसर्गिक.

कोन बदलला तरी जागच्या जागी राहणारा तपकिरी-काळा डाग मात्र वेगळा. पारदर्शक भिंतीला डोळे घासून तो होतो, बहुधा बाहेर पडायची धडपड करणाऱ्या प्रौढ नरांना. डाग जात नाही, वाढणं थांबवता येतं : कापडी जाळीच्या पेटीत हलवा किंवा उजेडाकडची बाजू कागदाने झाका.

नवीन_पान

हातावर घ्यायचा कसा? आणि टीव्हीच्या आवाजाचा त्रास होतो का?

रातवा

वरून धरायचं नाही, वरून येणारी सावली म्हणजे पक्षी. हात समोर आडवा ठेवा, मागून एका बोटाने हलकेच ढोसा, तो स्वतः चढेल. पलंगावर किंवा टेबलाशी बसून घ्या, उभ्याने नको. कातीआधी आणि नंतर दोन-तीन दिवस अजिबात नाही. पुढच्या पायांचे काटे टोचतात, विष नसतं. बोट पकडलं तर हिसका देऊ नका, त्याचेच पाय तुटतील. थोडं थांबा किंवा पाण्याचा थेंब पुढे करा.

आवाजाबद्दल गंमत आहे. बऱ्याच मँटिसांना एकच कान असतो, छातीच्या खाली, मागच्या पायांच्या मध्ये. येगर आणि हॉय यांनी १९८६ मध्ये ते दाखवलं. तो वटवाघळांच्या अतिध्वनीसाठी आहे, टीव्हीसाठी नाही. धक्के आणि कंपनं मात्र जाणवतात, म्हणून पेटी स्पीकरवर ठेवू नका.

घोळाणा

शेवटचा प्रश्न. नराशिवाय मादी अंडी घालते का? आयुष्य किती?

पानाआड

घालते. प्रौढ झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी फेसाची थैली, म्हणजे ऊथिका, काडीवर चिकटवते. त्यासाठी बोटाएवढी जाड, खरबरीत काडी आत असू द्या. मीलन झालेलं नसेल तर बहुतेक जातींत त्यातून काही निघत नाही.

मीलन झालेलं असेल तर ऊथिका काडीसकट काढून, ज्या दिशेने घातली त्याच दिशेने टांगा. खाली किमान ५ सेंमी मोकळी जागा, कारण पिल्लं धाग्याला लोंबकळत बाहेर येतात. उष्ण प्रदेशातल्या जातींना २५-२८ अंशांना साधारण ४ ते ८ आठवडे. मँटिस रिलिजिओसासारख्या थंड हवामानातल्या जातींना आधी दोन-तीन महिने फ्रिजमध्ये हिवाळा द्यावा लागतो. मोठ्या जातीच्या एका थैलीतून शंभराच्या वर पिल्लं निघू शकतात, तेव्हा माश्यांच्या किमान चार-पाच बरण्या तयार नसतील तर थैली उबवायलाच घेऊ नका. जास्तीची पिल्लं बागेत सोडणं हा मार्ग नाही. चिनी मँटिस १८९६ मध्ये अमेरिकेत पोचला आणि तिथलाच होऊन बसला. परदेशी जात पाळायला तुमच्या देशात परवाना लागतो का तेही आणण्याआधी बघा.

आयुष्य : प्रौढ मादी ४-६ महिने, नर २-३. सगळं मिळून वर्षभर धरा. म्हातारपणी पायांची टोकं काळी पडून गळतात आणि ती छतावरून पडायला लागते. तेव्हा बुटक्या पेटीत हलवा, तळाला टिश्यूची जाड घडी, भिंतींना जाळी, आणि खाणं-पाणी चिमट्याने तोंडाशी.